बिंगगान

चीनमधल्या जीनान शहरात झऱ्यावर पाणी भरायला आलेला माणूस शेजारच्या अनोळखी माणसाला, बाई असो की पुरुष, 'मास्तर' म्हणतो. मग समोरच्याने आयुष्यभर ट्रॉलीबस चालवलेली असो की मासळी विकलेली असो. माझी आई वानयिंग आणि गेंग मास्तर असेच भेटले. कॅन भरेपर्यंतच्या त्या ओल्या, निळसर अवकाशात दोन एकटी माणसे हळूहळू बोलकी होत गेली, आणि एका सकाळी गेंग मास्तरांनी विचारले, उरलेल्या आयुष्याचे पाणी एकाच किटलीत उकळायला काय हरकत आहे?

आईची हरकत तिच्या रक्तात होती. तिला हिपॅटायटिस सी होता. रुग्णालयाच्या गोळ्या सुरू होत्या आणि जोडीला फेई वैद्यांचा काढा. वैद्यांनी पहिल्याच भेटीत बजावले होते, "विषाणू मारणं गोळ्यांचं काम. मी तुमची झोप आणि भूक सांभाळतो. आणि माझी मुळं-पानं आधी तिकडच्या डॉक्टरांना दाखवून या, नाहीतर पुडी बांधणार नाही." तेव्हापासून आमच्या घरी मातीच्या भांड्यात शेवंतीची फुले आणि कसल्या कसल्या साली उकळत, आणि तो कडू वास पडद्यांच्या घड्यांत जुन्या दुःखासारखा मुरून राही.

"लपवून लग्न करणार नाही," आई म्हणाली. "सांगून टाकते. गेले तर गेले."

दुसऱ्या दिवशी ती झऱ्यावरून तरंगतच परतली. "सांगितलं गं! म्हटलं, मास्तर, वो यौ बिंगगान. तर हसून म्हणतात कसे, वा! रविवारी येतो, चहा मी आणतो!"

मी कपाळावर हात मारला. आमच्या भाषेत या आजाराचे नाव बिंगगान, आणि बिस्किटाचेही बिंगगान. उच्चारात केसाइतकाही फरक नाही, आणि 'वो यौ' म्हणजे 'मला आहे' तसेच 'माझ्याकडे आहे'ही.

"आई, त्यांना बिस्किटं ऐकू आली असणार."

"छे! मी किती दुःखी चेहऱ्यानं सांगितलं!"

"तू सगळंच दुःखी चेहऱ्यानं सांगतेस. परवा कोबी स्वस्त झाल्याचंसुद्धा."

आई मटकन खाली बसली.

रविवारी गेंग मास्तर इस्त्रीचा सदरा घालून, चहाचा डबा घेऊन आले. बसले. मेजाकडे पाहिले, मग कपाटाकडे. "मास्तर, बिंगगान कुठंय?"

आईने उजव्या बरगडीखाली तळहात ठेवला. "इथं."

घरातले सगळे आवाज काढ्याच्या भांड्यात गोळा झाले.

"यकृताचं दुखणं आहे," आई म्हणाली. "रक्तातून पसरतं. पेल्यातून नाही, ताटातून नाही. उठायचं तर उठा. दार उघडंच आहे."

गेंग मास्तरांनी दीर्घ श्वास सोडला. "हुश्श! म्हणजे बिस्किटं नाहीत?"

"नाहीत."

"अहो, मला साखरेचा आजार आहे! तुम्ही बिंगगान म्हणालात तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. खावीत तर डॉक्टर फाडून खाणार, न खावीत तर तुम्ही रुसणार."

"म्हणजे तुम्ही लपवलंत!"

"तुम्ही तरी काय हो, कोड्यात सांगितलंत!"

आईला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन तिने विचारले, "भीती नाही वाटत?"

"वाटते की थोडी. तुमच्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारीन म्हणतो. न्याल ना मला?" बोलता बोलता त्यांचा हात काढ्याच्या वाटीकडे वळला. "हे जरा चाखू?"

आईने हातावर चापट मारली. "ठेवा खाली! तो माझ्या नाडीचा काढा आहे. दुसऱ्याचं औषध पितात का कुणी? स्वतःची नाडी दाखवा."

प्रश्न विचारून झाले, उत्तरे मिळाली, आणि रुग्णालयातून आम्ही तिघे थेट फेई वैद्यांकडे गेलो. मेजावर मनगट टेकायला एवढीशी उशी. तिच्यावर दोघांनी एकदमच हात ठेवले.

"एका वेळी एक!" वैद्य खेकसले. "आधी कोण?"

आईने हात मागे घेतला. झऱ्यावर, घरी, रुग्णालयात, सगळीकडे ती त्यांना मास्तरच म्हणत आली होती. आता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आधी आमच्या यांचं बघा."

गेंग मास्तरांची नाडी अशी काही उधळली की वैद्यांना ती पुन्हा पहिल्यापासून बघावी लागली.