एक वर, एक खाली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका. ते मला खपत नाही. माझी एक पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा गोरी दिसते, आणि अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे आहेत की माझा मूळ रंग कोणता, हे आता मलाही सांगता येणार नाही. मागच्या दाराजवळ छपराखाली मी आडवी टांगलेली असते. माझ्यासाठी भिंतीत खास दोन आकडे बसवले आहेत. हा मान मला सहजासहजी मिळालेला नाही, त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. माझ्यासाठी लाकूड निवडताना त्याने एकेक फळी डोळ्यासमोर धरून पाहिली आणि गाठ दिसेल ती बाजूला टाकली. पायऱ्या त्याने नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, दांड्यांत खाचा पाडून नीट बसवल्या. मी तयार झाल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला आणि बायकोला म्हणाला, "खालून धर गं जरा." तिने धरले. मग हा गृहस्थ वर जाऊन उड्या मारायला लागला. "उतरा आता, मला दुसरी कामं आहेत!" असे ती ओरडली, पण हात मात्र तिने सोडले नाहीत. जगात आल्यावर मी पाहिलेली पहिली गोष्ट ती. एक वर, एक खाली. शिडीचे काम असेच चालते, असे मी तेव्हाच मनाशी पक्के केले.

पुढे मला एका रंगाऱ्याने विकत घेतले. त्याच्याबरोबर मी किती घरे पाहिली! तो वर रंग लावायचा आणि त्याचा जोडीदार खाली मला धरून गप्पा मारायचा. "हिच्यावाचून माझं पान हलत नाही," असे तो लोकांना सांगे, तेव्हा मी उगाचच आणखी ताठ उभी राहत असे. पण एके दिवशी त्याने अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणली. चकचकीत, वजनाला हलकी आणि जरा धक्का लागला की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज करणारी. झाले! ज्या घराचे काम तेव्हा संपत आले होते, त्याच घराच्या मागच्या भिंतीशी मला सोडून तो निघून गेला.

त्या घरच्यांनी माझ्यावर फडकी वाळत घातली. कोणाच्या तरी मांजराने माझ्या दांड्यावर नखांना धार लावली. पुढे ती माणसेही घर विकायला काढून गेली आणि मी पावसात काळी पडत तिथेच राहिले. मला फार वाईट वाटत असे. चढण्यासाठी जन्माला यायचे आणि वाळत घालण्याच्या कामाला लागायचे, हे काही सुखाचे नव्हे.

आणि मग नवे मालक आले.

नवरा-बायको दोघेच होते. मालक छापखान्यात दुपारपाळीला जात आणि मालकीणबाई एका दवाखान्यात सकाळपाळीला. हे घर त्यांनी घेतले होते ते मालकीणबाईंच्या मावशींसाठी. मालकीणबाई लहान असताना त्यांची आई गेली आणि मावशींनीच त्यांना वाढवले. आता मावशींचे गुडघे धरले होते. त्या आपल्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहत. तिथे लिफ्ट नव्हती. खाली उतरून त्यांना इतका काळ लोटला होता की त्यांच्या चपला कपाटावर गेल्या होत्या. "मला दुसरं काही नको गं," त्या फोनवर सांगत, "एकदा चपला घालून दाराबाहेर उभं राहायचंय."

या घराला एकही पायरी नव्हती. दार उघडले की अंगण. पण दादाची दूरच्या शहरात बदली झाली होती, आणि तो स्वभावाने एकदम काटेकोर. तो म्हणाला, "हे बघ, घर राहण्याजोगं झालं तर आई तुझ्याकडे. नाहीतर मी तिला घेऊन जातो. तिथेही वरचाच मजला आहे, पण निदान छत डोक्यावर येणार नाही."

मालकांनी त्याच दिवशी हातोडा हातात घेतला. मावशींचे घड्याळ लावायला त्यांच्या खोलीत पहिला खिळा ठोकायचा ठरला. खिळा ठोकला, आणि भिंतीतून पाण्याचा फवारा उडाला. खिळा थेट नळाच्या पाइपात गेला होता! मालकांनी छिद्रावर अंगठा दाबून धरला आणि ते ओरडले, "कॉक बंद कर! मुख्य कॉक!"

"पण आहे कुठे तो?"

"मला काय माहीत? शोध!"

मालकीणबाईंनी सगळे घर पालथे घातले. मित्रांनो, कॉक माझ्या मागे होता. मी त्याला टेकूनच उभी होते! शेवटी त्यांनी मला बाजूला केले आणि तो सापडला. तोवर मालकांच्या अंगठ्याला सुरकुत्या पडल्या होत्या. पण त्यामुळे मी त्यांच्या नजरेला पडले, आणि मला पुसून घरात घेण्यात आले.

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. पण त्या दिवशी दोघांनीही एकमेकांचा पडलेला चेहरा पाहिला आणि दोघांनीही मनात एकच ठरवले: आता पुढचे काम मी गुपचूप उरकून टाकणार, उगाच दुसऱ्याच्या जिवाला घोर नको. ठरवले ते प्रेमानेच. पण काय सांगू, त्या प्रेमाने घराची जी वाट लावली, ती वैऱ्यालाही जमली नसती.

न्हाणीघराचे दार खाली फरशीला घासत असे. सकाळी मालकीणबाई कामावर गेल्यावर मालकांनी दार काढले, खालून रंधा मारला आणि परत बसवून गेले. दुपारी मालकीणबाई आल्या. दार घासते, हे त्यांच्या डोक्यात इतके पक्के बसले होते की त्यांनी ते ढकलूनही पाहिले नाही. बाजारातून आणलेला रंधा काढला आणि त्याच दाराला त्याच बाजूने पुन्हा मारला. रात्री मालक घरी आल्यावर दाराखालून शेजारचे मांजर रुबाबात आत जाऊन बाहेर आले. दोघांनीही ते पाहिले. चूक आपलीच, असे समजून दोघेही गप्प बसले.

पण खरा घोळ झाला तो गच्चीवर. तिथे पाण्याची टाकी होती आणि वर जायला जिना नव्हता, म्हणून मी हवीच. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी चढले की तो वर येतो आणि त्याच्या दांडीने पाण्याची तोटी बंद होते. टाकी भरून थोडे पाणी सांडते, हे मालकांनी सकाळी पाहिले. ते माझ्यावरून वर गेले आणि पाणी लवकर बंद व्हावे म्हणून त्यांनी ती दांडी खाली वाकवली. दुपारी भांडी घासताना नळ कोरडा पडला. मालकीणबाई माझ्यावरून वर गेल्या. "अगंबाई, टाकी अर्धीच!" असे म्हणून त्यांनी दांडी वर वाकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सांडले. मालक पुन्हा वर. दुपारी मालकीणबाई पुन्हा वर.

असे कित्येक दिवस चालले. एकजण यायचा, माझ्यावर एकटाच चढायचा. दुसरी यायची, तीही एकटीच. खाली धरायला कोणी नाही. मी जीव मुठीत धरून उभी असायची. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, "अहो, एकमेकांना विचारा तरी!" पण शिडीला बोलता येत नाही. फार तर ती कुरकुरते, आणि तिची कुरकुर कोण मनावर घेतो?

सांडलेले पाणी गच्चीत मुरत राहिले. गच्चीच्या बरोबर खाली मावशींची खोली होती.

एका रविवारी दादा घर पाहायला आला. दोघेही घरीच होते. खोली स्वच्छ झाडलेली, खाटेवर नवी चादर. दादाने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, वर पाहिले आणि विचारले, "हा डाग कसला?" उत्तर छतानेच दिले. प्लास्टरचा हा एवढा मोठा तुकडा धाडकन खाटेवर पडला आणि मागोमाग पाण्याची धार लागली.

मालक धावत बाहेर आले, मला भिंतीला कशीबशी टेकवली आणि चढू लागले. खालची फरशी ओली होती. माझा पाय सरकला. ते अर्ध्यावर असताना मधली पायरी कडकन तडकली आणि मी घसरू लागले. मित्रांनो, तेव्हा मी खरोखर घाबरले. इतक्या वर्षांत माझ्यावरून कोणी पडले नव्हते. तेवढ्यात मालकीणबाईंनी येऊन अंगाच्या जोराने मला भिंतीशी दाबून धरले.

"धरलंय मी! तू जा वर!" त्या म्हणाल्या.

मालक वर पोचले. टाकीतून पाणी बदाबदा वाहत होते. गोळा एकीकडे आणि दांडीचा तुकडा दुसरीकडे तरंगत होता.

"दांडी तुटलीय!" ते वरून ओरडले. "अशी कशी तुटली? मी तर रोज नीट खाली वाकवत होतो!"

खाली मालकीणबाईंनी मान वर केली.

"तू खाली वाकवत होतास?" मालकीणबाई म्हणाल्या. "अरे, मी रोज वर वाकवत होते!"

"आणि दार?"

"दारही मीच तासलं."

"मीही!"

मालक वर आणि मालकीणबाई खाली, दोघे असे हसू लागले की मी थरथरायला लागले. पण मालकीणबाईंनी हात सोडले नाहीत. मला सुताराची बायको आठवली.

दादाला मात्र हसू आले नाही. केसांतला चुना झटकत तो म्हणाला, "पुढच्या रविवारी माझी सामानाची गाडी निघतेय. आईची पेटी गाडीत चढवूनच मी इथे येईन. खोली नीट असेल तर पेटी उतरवू. नसेल तर आई पुढे."

दोघांनी रजा घेतली आणि कंबर कसली. नियम एकच ठरला: हात लावण्याआधी मोठ्याने सांगायचे. "मी कॉक बंद करतोय!" "मी डाव्या कोपऱ्यातला खिळा काढतेय!" असा पुकारा दिवसभर चाले. एकदा भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "काढा बाई एकदाचा तो खिळा!" टाकीला नवी दांडी आली. गच्चीवरचा पाला साफ झाला आणि भेगा बुजल्या. गवंड्याने छताला नवे प्लास्टर केले. दाराला खालून लाकडाची पट्टी जोडली गेली आणि मांजराचा हिरमोड झाला. भिंतीत जिथून पाइप जातो, तिथे मालकांनी खडूने रेघ ओढली. आणि मालकीणबाईंनी आठवण केली, "आधी हिची पायरी बदल." म्हणून मला नवी, गोरीपान पायरी मिळाली. प्रत्येक वेळी एकजण वर चढे आणि दुसरा मला धरून खाली उभा राही. किती वर्षांनी मला शिडी असल्यासारखे वाटले!

रविवारी गाडी दारात आली. मागून एका मोटारीत मावशी होत्या. दादाने त्यांना मोटारीतच बसवले आणि तो आत शिरला. त्याने छत पाहिले, भिंती ठोकल्या, दार पुन्हा पुन्हा लावून पाहिले. एकही खोट सापडेना. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन त्याने नळ पिळला, आणि नळाची मूठ त्याच्या हातात आली! पाणी थेट त्याच्या शर्टावर.

आता सगळे संपले, असे मला वाटले.

"कॉक!" मालक म्हणाले.

"निघाले!" मालकीणबाई म्हणाल्या.

त्या बाहेर पळाल्या, मालकांनी पाना उचलला. धार थांबली. जुनी तोटी निघाली, नवी बसली. "सोड पाणी!" "सोडलं!" दादाच्या शर्टाची बाही पिळून होईस्तोवर नळ पहिल्यासारखा चालू झाला होता. कोणी ओरडले नाही, कोणी तोंड पाडले नाही. दादा हातातल्या मुठीकडे आणि मग त्या दोघांकडे बघत राहिला.

"घर जुनंच आहे," तो हळूच म्हणाला. "उद्या आणखी काहीतरी मोडेल."

"मोडेल की," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही आहोत ना."

मोटारीची काच खाली होती आणि मावशींचे कान चांगले तिखट होते. "दादा," त्यांनी हाक मारली, "माझी पेटी उतरव. आणि आधी माझ्या चपला दे."

त्या चपला घालून अंगणात उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मालकीणबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. दादानेच पेटी उचलून आत नेली.

आता एकच काम उरले होते. मावशींचे घड्याळ. मला खोलीत आणून भिंतीला टेकवले. मालक हातोडा घेऊन चढले. दादा नकळत दोन पावले मागे सरकला. खडूच्या रेघेपासून दूर खिळा ठोकला गेला, आणि भिंत कोरडी ठणठणीत राहिली! घड्याळ टिकटिक करू लागले. दादानेच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी मोडेल, गळेल, निखळेल. त्याला घाबरू नका. माझी एवढीच विनंती आहे, की दुसऱ्याला त्रास नको म्हणून एकट्याने चढू नका. "जरा धरतोस का?" असे विचारायला लाज वाटू देऊ नका, आणि कोणी विचारले तर हातातले काम ठेवून या. आणि वापर झाला की आम्हा शिड्यांना पावसात टाकू नका.

घड्याळ लावताना माझा एक दांडा मालकीणबाईंनी धरला होता. दुसरा दांडा खुर्चीत बसल्या बसल्या मावशींनी धरला होता, चपला अजून पायातच होत्या. आयुष्यात एवढी घट्ट मी कधी उभी राहिले नव्हते.