रघू खलाशाचा शेवट

ईरप्पाला वाट विचारणारा माणूस आवडायचा. वाट सांगणारा अजिबात खपायचा नाही. उभी हयात त्याची ट्रकच्या स्टिअरिंगमागं गेलेली. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, भरायच्या आणि कधी घाट उतरून रत्नागिरी, कधी बेळगाव-हुबळी, हंगामात तर थेट गुजरात. आता सत्तरी ओलांडली, ट्रक विकूनही बरीच वर्षं झाली. गडमुडशिंगीतल्या घरासमोर ट्रकच्या जागी एक छोटी निळी मोटार उभी असते. पण ईरप्पा तिच्यात असा चढून बसतो की मागं दहा टन माल लादलाय असं बघणाऱ्याला वाटावं.

बोलायला बसला की रस्ते, गाणी आणि टीव्ही हे तीनच विषय, आणि तिन्हींत शेवटचा शब्द त्याचा. रस्त्यांची वाटणी त्यानं गाण्यांवर केलेली होती. यार्डातून निघताना भजनाची कॅसेट. निपाणी मागं पडली की कन्नड वचनं, कारण आईची भाषा कानावर पडली की ड्रायव्हरला डुलकी लागत नाही असं त्याचं ठाम मत. गुजरातच्या सपाट रस्त्याला कव्वाली. घाटात मात्र टेप बंद. घाटात फक्त इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं. टेपनं फीत गिळली तर ढाब्यावर कुणाची तरी पेन्सिल मागून ती गुंडाळत बसायचा आणि तोवर क्लीनरला गाडी पुसायला लावायचा.

टीव्हीचं जरा वेगळं होतं. गल्लीतला पहिला टीव्ही आला तो शेजारच्या गणपतरावांकडं. गणपतराव ईरप्पाच्याच वयाचे, घरची शेती, दारात म्हशी. दर गुरुवारी त्यांच्या सोप्यात सगळी गल्ली दाटीवाटीनं बसायची. ईरप्पा गुरुवारी बहुधा कुठल्या तरी नाक्यावर असायचा. मग तो घरी आला, आंघोळ उरकून ताटावर बसला की त्याची बायको शिवम्मा त्याला चुकलेला भाग सांगायची. कोण कुणाला काय बोललं, कुणी तोंड फिरवलं, कुणाचा पदर सरला, एकही गोष्ट सुटायची नाही. ईरप्पानं निम्मा टीव्ही असा कानानं पाहिला. बदल्यात तो तिला रस्ते सांगायचा.

सांगायचाच नुसता. नेणं कधी झालं नाही. मालाच्या गाडीत बाईमाणूस कुठं बसवायचं, मग पोरगा लहान, मग सासू अंथरुणाला खिळलेली. माहेर संकेश्वर, एवढाच शिवम्माचा प्रवास. म्हणून ईरप्पानं यंदा ठरवलं होतं की तिला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत रत्नागिरीला न्यायचं आणि समुद्र दाखवायचा. ते नीट पार पडलं की पुढं गुजरात. जुनी सगळी गाणी त्यानं कोल्हापुरात जाऊन पेनड्राईव्हवर भरूनसुद्धा आणली होती.

आडवा आला तो मुलगा. शिवशरण गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर, सगळं मोजूनमापून करणारा. महिन्यापूर्वी ईरप्पा शिरोलीच्या पुलाखाली चुकून सांगलीच्या रस्त्याला लागला होता आणि पार हातकणंगल्याजवळ त्याच्या लक्षात आलं होतं. रस्त्यानं जागा बदलली, मी नाही, असं ईरप्पाचं स्पष्टीकरण. तेव्हापासून शिवशरण बापाकडं संशयानं बघायचा. जायचंच असलं तर ड्रायव्हर करून देतो, तुम्ही आव्वाला घेऊन मागं आरामात बसा, असं तो म्हणाला.

"मी मागं बसू?" ईरप्पा म्हणाला. "मागं गूळ बसतोय."

गोष्ट तिथंच अडली होती. आणि नेमकी शिवम्मा भाच्याच्या पोराच्या बारशाला संकेश्वरला गेली असताना ईरप्पानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं की संध्याकाळी गणपतरावांच्या सोप्यात दोघं म्हातारे जुन्या मालिका आठवत बसले होते. बोलता बोलता रघू खलाशावर गाडी आली. ती मालिका अख्ख्या गल्लीनं पाहिलेली. कोकणातल्या एका गावचा रघू गलबतावर जातो आणि बायको किनाऱ्यावर वाट बघते, इतकीच गोष्ट, पण त्या काळी गुरुवारी संध्याकाळी गल्लीत कुत्रं फिरकत नसे. गणपतराव म्हणाले, शेवटी रघू बुडाला तेव्हा आमची आई दोन दिवस जेवली नव्हती. ईरप्पा हसला. रघू बुडाला नाही, परत आला, तो म्हणाला. गणपतरावांनी बुडाला म्हटलं, ह्यानं आला म्हटलं, आणि आवाज रस्त्यापर्यंत गेला. जेवायला बोलवायला आलेला शिवशरण दारातच थांबला.

"ह्या डोळ्यांनी बघितलंय मी," ईरप्पा सांगत होता. "दारात आला. बायको एक शब्द बोलली न्हाय. पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. भरलं वांगं, जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पोटभर जेवला आनि म्हणाला, आता दर्या बास झाला."

गणपतरावांनी फोन काढला. जुनं सगळंच हल्ली फोनवर सापडतं. शेवटचा भाग लागला. वादळ, फुटलेलं गलबत, किनाऱ्यावर उभी असलेली ती बाई आणि तिच्या मागं हळूहळू अंधारणारा समुद्र. रघू काही आला नाही. ईरप्पानं तो भाग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदाही तो आला नाही.

घरी गेल्यावर शिवशरण आवाज न चढवता बोलला आणि तेच जास्त लागलं. "आप्पा, वाट चुकला ते सोडा. पण जे झालंच न्हाय ते तुमी डोळ्यांनी बघितलंय म्हणताय. सांगा, तुमच्या हातात घाट कसा द्यायचा?" मोटारीची किल्ली त्यानं स्वतःकडं ठेवून घेतली. येत्या सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, असंही सांगितलं.

ईरप्पा घाबरला. ट्रकचे ब्रेक गेले तेव्हाही इतका घाबरला नव्हता. पुढचे दोन दिवस तो अंगणात खुर्ची टाकून स्वतःची परीक्षा घेत होता. मलकापूरपर्यंतची गावं ओळीनं म्हणून पाहिली, बरोबर आली. कुठल्या ढाब्यावरचा चहा कडू आणि कुठला मालक उधारीला नाही म्हणायचा, आठवलं. कव्वालीच्या कॅसेटची दुसरी बाजू कुठल्या गाण्यानं सुरू व्हायची तेही आठवलं. पण तितकाच स्वच्छ रघूही दिसत होता, दारात उभा, पाय धुताना. तो खोटा असेल तर बाकीचं खरं कशावरून? गुजरातेतलं वेरावळचं बंदर आपण खरंच पाहिलं की तेही असंच? एवढ्या वर्षांची कमाई म्हणजे हे रस्ते, आणि त्यावरचा विश्वासच गेला तर माणसानं बोलायचं कशाबद्दल? दोन दिवस ईरप्पा कुणाशी भांडला नाही, आणि सून दानेश्वरीला तेच बघवेना.

रविवारी दुपारी शिवम्मा संकेश्वरहून आली. आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली आणि सगळ्यांना वाढू लागली. नवरा गप्प आहे हे तिनं ओळखलं. काय झालं ते शिवशरणनं थोडक्यात सांगितलं, टीव्हीतल्या कुठल्याशा मालिकेवरून आप्पांचा घोटाळा झाला आणि उद्या डॉक्टरकडं न्यायचंय, इतकंच. शिवम्मा वाढत राहिली.

दानेश्वरीनं मधल्या दोन दिवसांत कपड्यांच्या घड्या घालता घालता रघूची मालिका पहिल्यापासून पाहून काढली होती. तिनं सासऱ्याला विचारलं, मामा, रघू परत येऊन काय जेवला म्हणालात? ईरप्पाला तो विषयच नको होता. तरी त्यानं खाली मान घालून सांगितलं. भरलं वांगं, जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

"मामा, मी एकेक भाग बघितलाय," दानेश्वरी म्हणाली. "त्या घरात पहिल्या दिवसापासनं मासं शिजत्यात. भाकरी हाय ती पण तांदळाची. वांगं औषधाला न्हाय. खलाशाला वांगं वाढणारी बाई ह्या मालिकेतली न्हवं, ह्या घरातली हाय."

घर लिंगायतांचं, तिथं माशाचं नावही निघायचं नाही. सगळ्यांनी शिवम्माकडं पाहिलं. तिच्या हातात वांग्याचीच कढई होती.

"मग काय मासं वाढू?" शिवम्मा म्हणाली. "मला कुठं येत्यात करायला?"

शिवशरणचा घास हातातच राहिला. शिवम्मानं कढई खाली ठेवली आणि पाट ओढून बसली. तिला लाजही वाटत नव्हती आणि पश्चात्तापही झालेला दिसत नव्हता. शेवटचा भाग लागला तेव्हा हे घरी नव्हतेच, तिनं पोराला सांगितलं. त्यांनी तो पाहिलेला नाही. जे पाहिलंय म्हणतात ते मी सांगितलेलं आहे, आणि त्यातला एक शब्द त्यांनी आजवर इकडचा तिकडं केला नाही. ज्या माणसाला बायकोचं बोलणं इतक्या वर्षांनी वांग्यासकट पाठ आहे, त्याला तू डॉक्टरकडं नेतोस?

"पण शिवम्मा, असं का सांगितलंस?" ईरप्पानं विचारलं.

"त्या आठवड्यात तुमची गाडी वेरावळला गेलती. समुद्राच्या कडंला. फोन न्हाय, निरोप न्हाय. गणपतरावांच्या सोप्यात सगळ्या बायका रघूसाठी रडाय लागल्या. मी उठून घरी आले, चूल पेटवली आनि रघूला परत आणला. दोन दिसांनी तुमी आलासा, आनि चार दिसांनी पुन्यांदा जाणार हुतासा. दारातनं बाहेर पडणाऱ्या माणसाला बुडालेल्याची गोष्ट सांगून पाठवू व्हय?"

आधी ईरप्पाला सुटल्यासारखं झालं, डोकं जागेवर होतं, रस्ते खरे होते, वेरावळ खरं होतं. मग त्याला कळलं की आपण ट्रक घेऊन निघायचो तेव्हा ही बाई घरात काय घेऊन बसलेली असायची, आणि त्याला रडू आलं. ते लपवायला त्यानं भाकरीचा जरा मोठाच घास घेतला. घास गिळून झाल्यावर त्यानं विचारलं, बाकीच्या मालिकांचं काय, तेही सगळं तुझंच का?

"चांगलं झालतं ते जसंच्या तसं सांगितलं," शिवम्मा म्हणाली. "वंगाळ झालतं ते दुरुस्त केलं."

शिवशरणनं खिशातून किल्ली काढून बापाच्या ताटाशेजारी ठेवली. डॉक्टरांना फोन करून नको म्हणून सांगतो, असं पुटपुटला. ईरप्पानं किल्लीकडं हात नेला, तोच शिवम्मानं त्याला थांबवलं.

"यीन मी रत्नागिरीला. पर एक सांगा. तुमी इतकी वर्सं रस्त्यावर हुतासा. घरी येऊन मला गाणी सांगितली, ढाबं सांगितलं, कुठला रस्ता किती देखणा ते सांगितलं. एकदा पण काय वाईट घडलं न्हाय तुमच्यासंगट?"

खोटं बोलायची सवय ईरप्पाला नव्हती. गाळून सांगायची होती.

"घडलं की," तो म्हणाला.

"मग जिथं जे खरं घडलं ती जागा मला दाखवायची. गाडी थांबवून दाखवायची. न्हायतर मी न्हाय यायची."

ईरप्पानं किल्ली उचलून मुठीत धरली. "मग पहिली जागा लई लांब न्हाय. मलकापूर सोडलं की पुढं आंबा घाटातच हाय."

शिवम्माचा चेहरा बदलला. "आंब्यात? तुमी तर मला सांगितलतं, आंब्यातलं धुकं लई देखणं असतंय."

"देखणंच हुतं," ईरप्पा म्हणाला. "पुढचं चाक कड्याच्या भाईर गेलं तरी दिसलं न्हाय."