मास्तरांच्या गाडीचा हॉर्न

सकाळी आठ वाजता धाकटीने हॉर्न दाबला आणि गाडी ढिम्म. पुन्हा दाबला, अंगठ्याने दाबला, तळव्याने दाबला, शेवटी कोपराने. दिवे लागत होते, वायपर हलत होते, फक्त हॉर्नने तोंडाला कुलूप लावलं होतं.

अकराला परिवहन कार्यालयात तपासणी होती. निरीक्षक गाडी तपासणार, हॉर्न वाजवून घेणार आणि मगच ड्रायव्हिंग स्कूलच्या परवान्यावर वडिलांच्या जागी धाकटीचं नाव चढणार. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. आज गाडी नापास झाली की परवाना गेला, आणि परवाना गेला की तीस वर्षं चाललेली शाळा बंद.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत. अर्ध्या गावाचे पाय क्लचवर ठेवले ते त्यांनीच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे गेले चार महिने, शेजारच्या सीटवर बसून धाकटी शिकवत होती. एकही विद्यार्थी सोडून गेला नव्हता, उलट सहा वाढले होते. पण हे दादाला कोण सांगणार?

दादा, तिचा थोरला भाऊ, चहाचा कप घेऊन पायरीवर बसला होता.

"मी म्हटलं नव्हतं? गाडी थकलीये. दे सोडून आता. ऑफिसात नोकरी बघतो तुझ्यासाठी. पंखा, खुर्ची, पाचला घरी."

"तू बस त्या खुर्चीत," ती म्हणाली आणि बॉनेट उघडलं.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "स्टिअरिंग खोलावं लागेल, ताई. चार दिवस धरा. आणि तुम्ही हात लावू नका हं, उगाच अजून बिघडवाल."

एवढं ऐकल्यावर हात न लावणं तिला शक्यच नव्हतं.

आधी फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत. मग पुढच्या जाळीमागे हात घालून हॉर्नच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट हॉर्नला टेकवल्या. हॉर्न असा काही ओरडला की दादाच्या कपातला चहा पायजम्यावर सांडला. समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. मास्तरांची खिडकी तेवढी उघडली नाही.

"हॉर्नला काही झालेलं नाही," धाकटी दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि वायरी होत्या तशा जोडल्या.

मग रिले, म्हणजे बटण दाबलं की हॉर्नकडे वीज सोडणारी छोटी डबी. हॉर्नची आणि पंख्याची रिले सारखीच, म्हणून अदलाबदल करून पाहिली. दाबलं की रिलेने टक् करायला हवं, ती करेना. बटणाकडून येणारी वायर रिलेपाशीच गाडीच्या पत्र्याला टेकवली, तशी रिले टक् वाजली आणि पाठोपाठ हॉर्न. म्हणजे इथपर्यंत सगळं ठीक होतं, बटणापासून रिलेपर्यंतच्या वाटेत कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती ड्रायव्हरच्या पायाशी उताणी झोपली आणि स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. टॉर्च दातात. बाकीच्या वायरी कंपनीच्या, एका जुडीत बांधलेल्या. एक मात्र जुडीतून फुटून बाहेर गेली होती, आणि त्या जोडावर काळी टेप होती. टेपचे तीन वेढे, शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं.

टॉर्च तिच्या दातातून निसटला. टेपचं टोक असं दुमडणारा माणूस तिने जन्मात एकच पाहिला होता. "पुढच्याला उघडताना नख लावावं लागू नये," असं म्हणून मास्तर घरातली एकूण एक टेप तशीच दुमडत.

वायर मॅटखालून शिकवणाऱ्याच्या सीटखाली गेली होती. तिथे हाताला एक छोटा स्विच लागला. चार महिने ती त्याच सीटवर बसत होती, पण कधी खाली वाकली नव्हती. स्विच दाबून तिने हॉर्न दाबला. वाजला. स्विच पुन्हा बंद केला आणि ती तडक आत गेली.

"बाबा, तो सीटखालचा स्विच कसला?"

मास्तर खिडकीकडे बघत राहिले. "शिकाऊ माणूस घाबरला की हॉर्नच दाबून धरतो. तेव्हा खालून बंद करायचो. हॉर्न गेला की पाय आपसूक ब्रेक शोधतो."

तिला अठराव्या वर्षीचा चौक आठवला. समोरून ट्रक, मुका हॉर्न, आणि शेजारी बाबा शांतपणे म्हणत होते, "जुनी गाडी आहे, ब्रेक वापर." तिने ब्रेक मारला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आपल्याला गाडी येते.

"काल संध्याकाळपर्यंत हॉर्न वाजत होता. मग स्विच बंद कोणी केला?"

"मीच." त्यांनी घसा खाकरला. "तुला रोज आठ तास जीव मुठीत धरून तिथे बसावं लागेल. ते काय असतं ते मला ठाऊक आहे. तोंडावर नाही म्हणवेना. वाटलं, गाडीच नाही म्हणेल."

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लागलं. दादा निदान पायरीवर बसून समोरून बोलत होता.

"गाडीच्या आडून बोलू नका, बाबा. नाही म्हणायचंय ना? निरीक्षकासमोर म्हणा, स्वतःच्या तोंडाने. उठा. गाडी तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

"माझा गुडघा..."

"डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात परवानगी दिलीये. मी तिथेच होते."

मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसले. धाकटीने शेजारी बसून आधी सीटखालचा स्विच चालू केला, तोही त्यांना दिसेल असा.

"पट्टा. आरसा. बघताय काय असं, तुमचीच पद्धत आहे ही."

पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. "क्लच हळू," ती म्हणाली. शाळेपाशी एक सायकलवाला आडवा आला, मास्तरांचा हात हॉर्नवर गेला आणि त्याआधीच तिच्या पायाने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. "चला. पहिला गिअर," ती म्हणाली.

कार्यालयाच्या आवारात निरीक्षकाने गाडीभोवती फेरी मारली. दिवे पाहिले, दोन्हीकडचे ब्रेक पाहिले, टायरवर बूट मारून पाहिला. मग मास्तरांच्या खिडकीशी येऊन कागद उघडला.

"पुढे शिकवणार कोण?"

"मी," धाकटी म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं. परवाना यांच्या नावावर आहे, यांना बोलू द्या." तो मास्तरांकडे वळला. "हं, बोला. आणि हॉर्न वाजवा."

धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, स्विचपासून लांब, आणि मनात म्हणाली, म्हणा आता काय म्हणायचं ते.

मास्तरांनी हॉर्न दाबला. क्षणभर वाजवून सोडायचा, ही त्यांचीच शिकवण. त्यांनी तळवा दाबून धरला तो धरलाच. आवारातले कारकून बाहेर आले, रांगेतल्या लोकांनी कान झाकले, निरीक्षक "पुरे, पुरे" म्हणून हात हलवायला लागला. तेव्हा कुठे त्यांनी हात उचलला.

"तिला विचारा, साहेब," ते म्हणाले. "शिकवणारी ती आहे. मी आज शिकाऊ आहे."