शेजारची पात

"हळू चाला, आत्याबाई. इळा लागंन पायाले," वर्षाराणी मागून म्हणाली.

सोजरबाईनं मान वर केली नाही. सोयाबीनच्या सोंगणीत सासू-सुनेची पात, कापायची ओळ, नेहमी शेजारी असे. सून मागं राहिली की सासू आपली ओळ सोडून तिच्या ओळीत दोन हात मारी. पण आज तिला घाई होती. तीन दिवसांचं वावर दोन दिवसांत उरकायचं, असं तिनं बायांना सकाळीच सांगितलं होतं.

त्याला कारण होतं कालचं बोलणं. वावराचे मालक नानाजी यांना ती म्हणाली होती, "नाशकाकडं माह्या लखनले द्राक्षाच्या बागेत दुप्पट रोज भेटते. सोंगणी झाली का सुनेलेबी बलावते. तुमी रोज वाढवा, म्हंजे पोरगी इथंच राहीन."

"तिथं द्राक्षं हायेत, सोजरबाई."

"हात तं तेच हायेत ना? आमी जास्त काम करून दाखवतो."

नानाजी नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत. तेवढ्याच आशेवर तिचा विळा चालला होता. दम खात ती गाई,

वावराच्या बांधावर बोरीबाईचा काटा

आणि मागून वर्षाराणी ओवी पुरी करी,

जवळ राह्य माह्या सुने, दूरदेशीच्या वाटा.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना वावर मोकळं झालं. नानाजी बांधावर आले. ढिगातली एक शेंग त्यांनी फोडून पाहिली. दाणे बारीक होते.

"झपाट्यानं केलं तुमी. पण लवकर सोंगलं म्हून शेंगा जास्त लागल्या काय, बाई? तिकडच्या एकरात काय पिकते अन् माह्या एकरात काय निंगालं, तुमीच पाह्यलं. कुठून देऊ?" मग हळूच म्हणाले, "माहा पोरगा भागवतबी तिकडंच गेला कंपनीत. म्या तरी त्याले कुठं ठेवू शकलो?"

बांधावर विळा पुसत बायांमधली अंजना म्हणाली, "वा सोजरबाई, उद्याचा रोज बुडवला न आमचा."

बाया हसल्या. सोजरबाईही हसली.

घरी पोचते तोच लखनचा फोन आला. "सोंगणी झाली काय वं, माय?"

वर्षाराणी चुलीजवळ बसून सासूकडं पाहत होती.

"झाली."

"मंग उद्याच्या गाडीनंच धाडून दे तिले. परवाची वाट कायले पाह्यते?"

सकाळी गाडी सुटली, तेव्हा वर्षाराणी खिडकीतून एवढंच म्हणाली, "पाय जपजा, आत्याबाई."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वावराची सोंगणी लागली. रोज तोच होता. बायांनी पाती धरल्या. सोजरबाईच्या शेजारची कोणी धरली नाही. ओवीची पहिली ओळ गाऊन ती सवयीनं थांबली. अंजना पलीकडं कापत राहिली.

सवयीनंच सोजरबाईचा हात शेजारच्या पातीत गेला. दोन हात मारून परत यायचं होतं. पण ती पात पार वावराच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत उभी होती. तिनं पदर खोचला, आणि दोन्ही पाती सोंगत ती पुढं सरकू लागली, हळू.