विक्रमी पूड

पीएचडीच्या सहा वर्षांत त्याच्या सच्छिद्र पुडीने अमोनिया वायू छिद्रांत जेमतेमच धरून ठेवला होता. काल मात्र वायू सोडल्यावर तिचं वजन विक्रमी वाढलं, आणि त्याची पदवी हाताशी आल्याचा डंका सरांनी विभागभर पिटला.

आज त्याला आठवलं. कोरडी पूड तोलल्यावर, सरांचा चहा करण्याच्या गडबडीत, तो तिच्यावर झाकण ठेवायला विसरला होता. शेजारच्या किटलीची वाफ पुडीने पोटभर पिऊन घेतली होती.

“सर, तिने अमोनिया नाही, पाणी धरलंय.”

“बाळा, हे तिला ठाऊक आणि तुला. तिसऱ्याला कशाला सांगतोस?”

त्याने वहीतला विक्रम खोडला. पदवी निमूटपणे वर्षभर लांब जाऊन बसली. मग पुडीवर घट्ट झाकण लावून त्याने सरांसाठी सातव्या वर्षाचा पहिला चहा ठेवला.