काहीच कमी नसलेले चष्मेवाले

चष्मेवाल्या काकांचं दुकान आता भाचा बघायचा, पण काकांची सवय सुटली नव्हती. समोरचा माणूस बोलू लागला की ते आधी त्याच्या नाकावरचा चष्मा वाकडा आहे का ते बघायचे, आणि असला तर त्याला मध्येच थांबवून दांडी सरळ करून द्यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि लेक, दोघंच. लेक शहरबस चालवायची. त्यामुळे तिचा आवाज मोठा होता आणि ताटावर वेळेत न आलेल्या माणसासाठी ती थांबत नसे.

संध्याकाळी काका वाचनालयामागच्या खोलीत जायचे. तिथे निवृत्त मंडळी कॅरम खेळायची, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायची आणि उत्तर न ऐकता स्वतःच्या तब्येतीचं सांगायची.

तिथे एकदा एक तरुण डॉक्टर आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, “कॅल्शियमचं सगळे विचारतात. पण जस्त, तांबं, सेलेनियम, मँगनीज यांचं कुणी नाव काढत नाही. लागतात अगदी कणभर. पण तो कण नसला की जखम लवकर भरत नाही, तोंडाची चव जाते, सर्दी मुक्कामाला येते. वय झालं की जेवण कमी होतं, पोटही पूर्वीसारखं सगळं शोषून घेत नाही. तेव्हा एकदा रक्त तपासून घेऊ.”

तिनं रक्त घेतलं आणि काही दिवसांनी सगळ्यांचे निकाल घेऊन आली.

शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांच्यात जस्त कमी निघालं. बँडमास्तरांच्यात तांबं. “जन्मभर पितळी तुतारी तोंडाला लावली, आणि तांबं कमी?” असं म्हणून ते खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. बाकीच्यांपैकी अर्धे जस्तात निघाले, अर्धे तांब्यात. शिंपीणबाईंचं एकटीचं सेलेनियम कमी होतं. त्यांनी ते ऐकलं, मान ताठ केली आणि पदर सारखा केला.

“काका, तुमचं सगळं छान आहे,” डॉक्टर म्हणाली. “काहीही कमी नाही.”

सगळ्यांनी वळून काकांकडे पाहिलं. बँडमास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “धीर सोडू नका,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून खोलीची दोन राज्यं झाली. जाताना डॉक्टर सहज म्हणाली होती, की जस्त आणि तांबं पोटात एकमेकांची वाट अडवतात, एकाची गर्दी झाली की दुसरं बाहेर राहतं. मंडळींनी ते फारच मनाला लावून घेतलं. जस्तवाले खिडकीकडच्या बाकावर, तांबेवाले दाराकडच्या. कॅरमच्या पांढऱ्या सोंगट्या जस्ताच्या, काळ्या तांब्याच्या. चाळीस वर्षं एका घरात नांदलेलं एक जोडपं येताना सोबत यायचं आणि उंबऱ्यावर एकमेकांचा निरोप घेऊन दोन बाकांवर जायचं. शिंपीणबाईंनी घरून स्वतंत्र खुर्ची आणली. सेलेनियमला पक्ष नव्हता, पण मान फार होता.

काकांना बसायला जागाच उरली नाही. आधी त्यांना पंच केलं. मग एका सोंगटीवरून वाद झाला आणि मोठ्या बाई फणकारल्या, “ज्याला काही कमीच नाही, त्याला दुसऱ्याची कळ काय कळणार?”

“तुम्ही खाता तरी काय?” बँडमास्तरांनी विचारलं. चोराला विचारावं तसं.

“लेक देते ते. डाळी, अंडी, पालेभाज्या, मूठभर दाणे...”

“रोज?”

“रोज,” काका खाली मान घालून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले.

“थोडंसं तरी काही काढा,” ते अजिजीनं म्हणाले. “तांबं नको म्हणत असाल तर मँगनीज. मला काहीही चालेल.”

“काका, लोक माझ्याकडे रिपोर्ट चांगला यावा म्हणून येतात.”

“त्यांना बसायला बाक असेल.”

डॉक्टर हसली आणि तिनं त्यांना हळूच बाहेर काढलं. पण काका चष्मेवाले. दोन काचा समोर ठेवल्या की कुठली कुठलीला मारते हे ते जन्मभर बघत आले होते. जस्ताची गर्दी झाली की तांबं बाहेर राहतं ना? मग करू गर्दी. त्यांनी औषधाच्या दुकानातून जस्ताच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ खाऊ लागले. तोंडाला खिळा चघळल्यासारखी चव यायची. ताटातलं अर्धं तसंच उरायचं. लेकीनं विचारलं तर म्हणायचे, “वयच झालं आता.” आणि असं म्हणताना त्यांना आतून फार बरं वाटायचं, कारण खोलीत सगळे हेच म्हणायचे.

हिवाळा सरेपर्यंत त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. जिना उतरताना पायरी आहे की नाही ते पायाला कळेना, खाली बघावं लागे. काका खूश झाले. त्यांनी पुन्हा रक्त दिलं. या वेळी निकाल डॉक्टरच्या हाती पडायच्या आधीच त्यांनी प्रयोगशाळेतून स्वतः आणला आणि तडक खोलीत जाऊन उभे राहिले.

“तांबं कमी आहे!” ते ओरडले. “एकदम कमी!”

बँडमास्तर उठले. त्यांचे डोळे भरून आले. दाराकडचा बाक सरकला, काकांसाठी मधोमध जागा झाली. काका बसणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि वाचला.

“आणि हे काय? जस्त मर्यादेच्या पार वर? आम्ही इथे जस्तासाठी तळमळतोय, आणि आमच्या वाटचं सगळं यांनी गिळलंय!”

“त्याशिवाय तांबं जाईना हो,” काका गडबडीनं म्हणाले.

“जाईना?” बँडमास्तर थबकले. “म्हणजे होतं ते तुम्ही घालवलंत? मुद्दाम? तांबं?” त्यांनी बाक पुन्हा पहिल्या जागी सरकवला. “अशा उधळ्या माणसाला आमच्यात जागा नाही.”

मग दोन्ही बाक एकदम बोलू लागले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच जस्त आणि तांब्याचं एकमत झालं होतं, आणि त्या आनंदात त्यांचे आवाज आणखी चढले. ते उंबऱ्यावर निरोप घेणारं जोडपंसुद्धा शेजारी शेजारी उभं राहून ओरडत होतं. काका मागे सरकले. पायाखाली उंबरा आला ते पायाला कळलं नाही, आणि ते बाहेरच्या फरशीवर आडवे झाले.

“गप्प बसा सगळे!” शिंपीणबाई खुर्चीवरून उठल्या. “त्यांच्या लेकीला फोन करा!”

लेक तेव्हा भरलेली बस घेऊन चौकात होती. ती बसच घेऊन आली. प्रवाशांना तिनं एवढंच सांगितलं, “माझे बाबा पडलेत. ज्यांना घाई आहे त्यांनी उतरा.” कुणी उतरलं नाही. बस वाचनालयाच्या गल्लीत शिरली, अडकली, सुटली. प्रवाशांनी काकांना उचलून आत घेतलं, मागोमाग अख्खी खोली चढली, आणि हॉस्पिटल येईपर्यंत बसभर जस्ताची नि तांब्याची चर्चा रंगली. उतरताना दोन प्रवासी आपले गळणारे केस दाखवून मोठ्या बाईंना सल्ला विचारत होते.

डॉक्टरनं कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. “काका, हे काय करून बसलात? गोळ्या आजपासून बंद. तांबं मी देते, रक्त लवकर सुधारेल. पायांच्या नसांचं मात्र सांगता येत नाही. त्या सावकाश भरून येतात. कधी थोडं उणं राहूनही जातं.”

लेक खाटेपाशी येऊन उभी राहिली. मग तिच्या त्या मोठ्या आवाजात, पण अगदी हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, “बाबा, मी रोज एवढं मोजूनमापून रांधते. ते कुणासाठी?”

“अगं, मला तिथे कुणी बसू देत नव्हतं.”

“मग मला सांगायचं ना! मी बस आडवी लावली असती त्यांच्या दारात.”

त्यावर काका रडले. लेकीनंही नाक ओढलं आणि ती बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या प्रवाशाला झापायला निघून गेली.

उन्हाळ्यात डॉक्टरनं सगळ्यांचं रक्त पुन्हा पाहिलं. नीट जेवू लागल्यानं मंडळींचं जस्त आणि तांबं जागेवर आलं होतं. ही बातमी त्यांना फारशी रुचली नाही. आता कुठल्या बाकावर बसायचं हे कुणाला कळेना, तेव्हा जो जिथे उभा होता तिथेच बसला. मोठ्या बाई बँडमास्तरांच्या शेजारी आल्या आणि थोड्या वेळानं दोघं कॅरमवरून नेहमीसारखे भांडू लागले. काकांना कुणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. ते बसले, एवढंच. मोठ्या बाईंनी मुकाट्यानं आपला चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला, आणि काकांनी दांडी सरळ करून दिली.

सेलेनियम भरून आल्यापासून शिंपीणबाई खुर्ची घरीच ठेवून येत. त्या काकांच्या समोर खेळायला बसल्या.

“पायाला अजून काही कळत नाही का?” त्यांनी स्ट्रायकरवर बोट ठेवत विचारलं.

“उजवा बरा आहे. डाव्याच्या बोटांना नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच.”

शिंपीणबाईंनी नेम धरला. सोंगटी गेली नाही. पण टेबलाखाली त्यांचं पाऊल काकांच्या डाव्या पायाच्या बोटांवर येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. काकांना ते अगदी स्पष्ट कळलं. डॉक्टरला सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ठरवलं, इतक्यात नको.