बाटलीवरची रेघ

टक्.

चहाच्या डब्याच्या झाकणाचा आवाज. एवढासाच, पण दुपारच्या निःशब्द घरात भिंतीपलीकडून शिहोला तो स्वच्छ ऐकू आला. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि कान टवकारले. किटली हलली नाही, पेला वाजला नाही. चहा करायचा नाही, तर डबा उघडला कशाला?

गेले दोन आठवडे तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. नव्या वर्षासाठी आणून ठेवलेली साकेची बाटली, आणि तिच्यातली कमी होत चाललेली दारू. सॅल्मन माशांचा हंगाम, त्यामुळे नवरा तेत्सुरो पहाटेच होडीवर जायचा आणि आला की जेवून आडवा व्हायचा. शिहो स्वतः दारूला शिवत नसे. उरल्या कोण, तर सासूबाई! बालवाडीतून आल्यावर पाच वर्षांची नागी दुपारभर ज्यांच्या भरवशावर असायची, त्याच.

तिने बाटलीच्या चिठ्ठीवर बारीकशी रेघ मारून ठेवली. चार दिवसांत दारू रेघेच्या बोटभर खाली. एकदा तर नागीच्या बाहीला वास आला. विचारलं, तर पोरगी शहाण्यासारखी म्हणाली, "ते माझं आणि आजीचं गुपित आहे." तेत्सुरोच्या कानावर घातलं, तर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, आई पीत नाही. तुला काय माहीत, असं विचारल्यावर, "माहीत आहे," एवढंच. या घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, ही शिहोची खात्री त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीने आणखी पक्की केली. दुसऱ्याच दिवशी तिने बालवाडीत नागीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेण्याचा अर्ज भरला. फक्त सहीचा शिक्का उमटवायचा राहिला होता.

आज ती नगरकचेरीतून काम घेऊन घरी आली होती. निमित्त कामाचं, खरं कारण पहारा.

समोर गावाच्या शताब्दीच्या प्रदर्शनाचे फलक पसरलेले होते. जुन्या नकाशावर या अख्ख्या बेटाच्या अंगावर राजधानीच्या लोकांनी एकच नाव लिहिलेलं: एझोची, एझोंची भूमी. म्हणजे आपल्या हद्दीबाहेरच्यांची. त्याखाली शिहोने मजकूर बसवला होता: 'शंभर वर्षांपूर्वी येथे रानटी एझो आणि अस्वले यांखेरीज काही नव्हते. आपल्या पूर्वजांनी येथे गाव उभे केले.' साहेबांना वाक्य फार आवडलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी जेवताना तिने ते घरातही कौतुकाने वाचून दाखवलं होतं. "छान लिहितेस," असं म्हणून सासूबाई उठल्या होत्या. त्यांना जिवापाड आवडणारं माशाचं भाजलेलं कातडं तसंच ताटलीत राहिलं होतं.

शिहो पाय न वाजवता उठली आणि तिने सरकतं दार बोटभर बाजूला केलं.

लाकडाच्या शेगडीचं दार उघडं होतं. सासूबाई गुडघे टेकून बसल्या होत्या, शेजारी नागी, तशीच. वाटीत दारू. चहाच्या डब्यातून काढलेली जेवायची एकच काडी सासूबाईंनी वाटीत बुडवली आणि तिच्या टोकाचा थेंब विस्तवावर शिंपडला. चर्र झालं. ओठ हलत होते, पण शब्द शिहोच्या ओळखीचे नव्हते. मग काडी नागीच्या हातात गेली.

शिहोने दार धाडकन सरकवलं. मुलीच्या हातात दारू देताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, मला वाटलंच होतं, असं बरंच काही ती एका दमात बोलून गेली. सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी शेगडीचं दार आधी नीट लावलं.

"मी कशाला पिऊ गं? मला वासानंच गरगरतं," त्या म्हणाल्या. "आणि रेघ एवढी गडद नसते मारायची, सूनबाई. पहिल्याच दिवशी दिसली."

मग सासूबाईंनी सांगितलं. खाली मान घालून, नागीची बाही झटकत. ही दारू पिण्यासाठी नव्हे. विस्तवात घरची म्हातारी राहते. घरात बोललेलं सगळं ती ऐकते, आणि इतर देवांच्या कानावर तीच घालते. म्हणून तिला आधी थेंब द्यायचे, मग बोलायचं. खरं तर हे काम पुरुषांचं, कोरलेल्या काडीने करायचं. पण सासूबाईंचे वडील गेले, भाऊ गेला, काडी कुणीतरी विकत नेली. आता जेवायची काडी, आणि करणारी ही एक बाई.

"इतकी वर्षं वर्षातून एकदाच करत होते, तू कचेरीत असताना. या खेपेला रोज करावं लागलं."

"रोज का?"

"तू इथंच, या शेगडीसमोर बसून वाचलंस ना, रानटी आणि अस्वलं. तिनं ऐकलं की! मी रोज माफी मागते. सून भाबडी आहे, मनात पाप नाही तिच्या, असं सांगते."

शिहोला बसायला कुणी सांगितलं नाही. ती आपोआप खाली बसली. तिने विचारलं, तेत्सुरोला ठाऊक आहे? त्याला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. पोरं त्याच्या जवळून जाताना आईकडच्या रक्तावरून चिडवत नाक धरायची, तेव्हा घरी येऊन त्यानेच आईला बजावलं होतं, यापुढे कुणाला सांगायचं नाही. सासूबाईंची आई तर बाजारात जाताना तोंडाला फडकं बांधायची, ओठांभोवतीचं निळं गोंदण झाकायला. कायद्याच्या कागदावर तिला म्हणायचे 'माजी आदिवासी'. आणि त्याआधी, नकाशावर, एझो.

"तू माझ्या बाटलीवर पाळत ठेवलीस, मी तुझ्या कागदांवर," सासूबाई म्हणाल्या. "तू झोपलीस की रोज तुझ्या पिशवीतून काढून वाचायचे, आज आमच्याबद्दल काय लिहिलंय म्हणून. तुझा पहिला फलक तू स्वतः वाचलास का कधी?"

शिहोने तो आणला. 'बाराशे वर्षांपूर्वी राजधानीचे सैन्य किताकामी नदीकाठच्या रानटी एमिशींवर चालून गेले.'

"तुझं माहेर कुठलं?"

शिहोचं माहेर समुद्रापलीकडे दक्षिणेला, त्याच नदीकाठचं. बाबांचं शेत पाण्याला लागून. हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि त्यात आपलीच माणसं उभी आहेत हे तिला एकदाही दिसलं नव्हतं!

"आधी रेघ राजधानी आणि तुमच्यामध्ये होती, तुम्हीही तिच्या बाहेरच होतात," सासूबाई म्हणाल्या. "सैन्य पुढं गेलं, रेघ वर सरकली. तुम्ही आत आलात, नाव आमच्या गळ्यात पडलं; एमिशी काय नि एझो काय, लिहायची अक्षरं तीच. माणसं होती तिथंच होती गं."

शिहोने विचारलं, सासूबाईंचे लोक स्वतःला काय म्हणत?

"आयनू. म्हणजे माणूस."

तिने बाटली आणली आणि चिठ्ठीवरची रेघ खोडरबराने पुसली. अर्जाचे दोन तुकडे करून शेगडीत टाकले. फलकावरचं वाक्यही खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'गाव वसण्याआधी येथे आयनू लोक राहत होते. त्यांची नदी होती, घरे होती, चूल होती.' साहेब काय म्हणतील ते म्हणोत. कुणाला रानटी म्हणताना आपण नेहमी रेघेच्या आतल्या बाजूला उभे असतो, आणि ती रेघ कुणी, कधी, का मारली हे विचारत नाही. आपण सगळ्यांनीच विचारायला हवं. जे नाव आपण दुसऱ्याला देतो त्यात आपला संशय असतो. माणूस कसा आहे हे त्याच्या शेजारी, त्याच्या चुलीपुढे बसल्यावरच कळतं.

सासूबाईंनी काडी पुसून चहाच्या डब्यात ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढून शिहोपुढे धरली. शिहोने अवघडत एक थेंब शिंपडला.

"आई, म्हणजे आता गुपित नाही?" नागीने विचारलं.

"नाही," शिहो म्हणाली.

नागी खूश झाली. ओल्या बाहीने गाल पुसत तिने आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग मी उद्या बालवाडीत सगळ्यांना सांगू?"

सासूबाईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. त्याही शिहोकडेच बघत होत्या.